संध्याकाळी येणारा ताप

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही,’ हे वाक्य कुणी उच्चारलं की माझं डोकं फिरतं. रिपोर्ट नॉर्मल आहेत, इथपर्यंत ठीक. पण तुम्हाला काही झालेलं नाही, हे सांगणारे तुम्ही कोण? समोरच्या माणसाला दुखतंय. तो रोजगार बुडवून, एसटीचे धक्के खात, बाकड्यावर ताटकळत तुमच्यापर्यंत आलाय. त्याला काय दवाखान्यात यायची हौस आहे?

मी इंदापुरात आयुष्यभर फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस केली. शेवटची काही वर्षं बारामतीतही जाऊन-येऊन बसायची. आता गुडघ्यांनी संप केला म्हणून थांबलेय. या अंकाचे संपादक म्हणाले, “मॅडम, दिवाळी आहे, चार गमतीजमती लिहा.” गमती पुष्कळ आहेत हो. पण पेन हातात घेतलं की गमतीच्या आधी संतापच आठवतो, त्याला मी काय करू?

फिजिशियन म्हणजे काय, हे आमच्या घरातही निम्म्यांना कळलेलं नाही. मी चिरफाड करत नाही. हाड मोडलं, अपेंडिक्स फुटलं, तर ते माझं गिऱ्हाईक नव्हे. माझ्याकडं येतात ती सगळीकडून फिरून दमलेली माणसं. कुणाचा थकवा वर्षभर जात नाही, कुणाला मुंग्या येतात, कुणाचा ताप येतो आणि जातो. सगळ्यांनी हात टेकले की मग आमच्याकडं चिठ्ठी. आणि आमचं खरं हत्यार काय, तर प्रश्न विचारणं. रक्त, एक्सरे, सोनोग्राफी हे सगळं त्याच्या मागून. काय खाता, कुठं झोपता, दिवसभर हात कशात असतात, घरात आणखी कुणाला होतंय का? हे विचारायला वेळ लागतो आणि बाहेर बाकडी भरलेली असतात. सलाईन लावायला काही विचारावं लागत नाही. पेशंटही खूश, डॉक्टरही खूश, आजार तर सगळ्यांत खूश.

एमआयडीसीतला एक ऑपरेटर मोटारसायकलवरून आला होता, गळ्यात मानेचा पट्टा. हातापायांना मुंग्या. कुणीतरी त्याला मणक्याच्या ऑपरेशनपर्यंत नेऊन पोचवलं होतं. मी विचारलं, जेवता काय? घर कडक शाकाहारी, अंडं नाही, आणि या पठ्ठ्याला लहानपणापासून दूध-दह्याचा तिटकारा. बी ट्वेल्व्ह तळाला गेलेलं. इंजेक्शनं घेतली आणि पट्टा माळ्यावर गेला. याला हुशारी लागत नाही, तोंड उघडावं लागतं. सोनारानं कान टोचायची वेळ यायलाच नको होती.

पेशंटची पण कमाल असते. डाळजचे एक तात्या होते. खुर्चीत बसायचे, मनगट पुढं करायचे आणि गप्प.

“काय होतंय तात्या?”

“ते तुमी सांगायचं. मग फी कशाची घेताय?”

आजार आपण सांगितला तर डॉक्टरची परीक्षा कशी होणार, अशी त्यांची शेवटपर्यंत ठाम समजूत. हसू नका. आपल्याकडं निम्मी माणसं अशीच दवाखान्यात येतात. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. तात्या लपवायचे ते स्वतःचं, आणि भोगायचेही स्वतःच. मला राग येतो तो जे बायकोला घेऊन येतात आणि तिचं भांडं स्वतःच्या धोतराआड लपवतात त्यांचा. आता मनीषाचं सांगते.

मनीषा नरसिंहपूरकडच्या एका वस्तीवरची. तिशीतली. बरोबर नवरा दत्ता आणि सासू. नवऱ्याच्या हातात रिपोर्टांची खताच्या पिशवीएवढी पिशवी. मनीषा खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं अशी.

सासूनं सुरुवात केली. “दिवस कलला की हिला ताप चढतुया मॅडम. सकाळी बघावं तर काय न्हाय. घाम इतका की अंथरूण पिळावं. कंबर धरून चालती. काम म्हणून हुत न्हाय तिच्यानं.”

हे वर्षाच्या वर चाललं होतं. पहिल्या डॉक्टरनं टायफॉईड म्हटलं. ताप गेला नाही तर दुसऱ्यानं पुन्हा टायफॉईडच म्हटलं, फक्त सलाईनचा रंग बदलला. तिसऱ्यानं कंबरेचे फोटो काढून पट्टा दिला. चौथ्यानं टीबीची औषधं सुरू केली. तेव्हा म्हणे ती बरीच सुधारली. मग औषधांनी उलट्या व्हायला लागल्या, ती बंद झाली आणि ताप परत आला. पाचव्यानं सगळे रिपोर्ट चाळले, ‘हिला काही झालेलं नाही, मानसिक आहे’ असं तिच्या नवऱ्याला सांगितलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. नवऱ्याला सांगितलं, तिला नाही. ती तिथंच बसलेली होती. या पाचांतल्या तिघांना मी ओळखते. नावं लिहिणार नाही, पण लग्नाकार्यात भेटले की मी त्यांच्या पंगतीला बसत नाही.

दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा सगळा कारभार. मधे नरसिंहाला नवस झाला, एका देवऋष्यानं लिंबं उतरवली. मधेच तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात पडलंही. भावकीत बोलणं सुरू झालं की बाईला काम नको, हे सोंग आहे.

“आता तिच्या माहेरी सांगून ठिवलंय,” सासू म्हणाली. “घिऊन जावा. बरी झाली तर आणून सोडा, न्हायतर तितंच ऱ्हाऊ द्या. नातीला आमी संभाळू.”

मनीषाला सहा-सात वर्षांची मुलगी होती. तिचं घर आणि तिचं लेकरू त्या तापावर टांगलेलं होतं, आणि तिच्या तापावर कुणाचा विश्वास नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मी तिला तपासलं. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या बाजूला दाबलं तशी ती कळवळली. संध्याकाळचा ताप, घाम, कंबर, आणि टीबीच्या औषधांवर अर्धवट आराम. हे सगळं एकत्र दिसलं की आमच्या या दुधाच्या पट्ट्यात डॉक्टरनं गोठ्याचं विचारायलाच पाहिजे.

“जनावरं किती आहेत घरी?”

“हायत सात-आठ,” दत्ता म्हणाला. “समद्या जर्शा.”

“गोठ्याचं कोण बघतं?”

“हीच बघायची. आता कुठलं हुतंय.”

“एवढ्यात एखादी गाय गाभडली?” म्हणजे गाभण गाईनं दिवस भरायच्या आधी वासरू टाकलं का, असं मी विचारत होते.

“न्हाय.”

माझा प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर. शेतकरी असं उत्तर देत नाही. गाईचं विचारलं की तो आधी गाईचं कूळ सांगतो, मग तिच्या आईचं. मी दोघांना बाहेर बसवलं. माझ्या दवाखान्यात बाईला तपासताना शेवटी तिच्या एकटीशी बोलायचं, हा नियम होता. त्यावरून माझी भांडणंही झाली आहेत आणि ती सगळी मी जिंकली आहेत.

दार लागलं. मी म्हटलं, “आता तू सांग.”

तिनं दाराकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, “गाभडली की. हरणी आमची. दोन डाव.”

“मग?”

“दुसऱ्या टायमाला वार अडकली हुती. जनावरांचं डॉक्टर लांब गेलं हुतं, मग मीच हात घालून काढली. कुणाच्या बी गाईची अडकली तर मीच काढती. माझा हात बारीक हाय ना. वस्तीवरनं बोलवत्यात मला.” ते सांगताना तेवढ्यापुरती ती खुर्चीत नीट टेकून बसली.

वार म्हणजे पोटात वासराला धरून असलेलं आवरण. वासराच्या मागून ते आपोआप पडायला हवं. नाही पडलं तर गोठ्यातलं कुणीतरी उघड्या हातानं ओढून काढतं, आणि बारीक हाताच्या बाईला त्यात मान असतो. आता त्या वारेत काय असतं ते ऐका. गाय ज्या रोगांनी गाभडते त्यांतला एक ब्रुसेला. त्याचे जंतू त्या वारेत, त्या पाण्यात आणि गाईच्या कच्च्या दुधात ठासून भरलेले असतात. हाताला कडब्याचा एवढासा ओरखडा असला तरी आत शिरतात. मग माणसाला संध्याकाळी ताप, घाम, सांधे, कंबर. माणूस सहसा मरत नाही, पण धड जगतही नाही. एका डॉक्टरला तो टायफॉईड वाटतो, दुसऱ्याला टीबी, तिसऱ्याला मणका, आणि कंटाळलेल्या डॉक्टरला मानसिक वाटतो. टीबीच्या औषधांतलं एक औषध यालाही थोडंफार लागू पडतं. मनीषाला मधे बरं वाटलं ते त्यामुळं, आणि त्या बरं वाटण्यानं सगळे आणखी खड्ड्यात गेले.

“कच्चं दूध पितेस?”

“आत्या देत्यात की. रोज सकाळी पेलाभर, धारोष्ण. अंगात ताकद यावी म्हणून. हरणीचंच देत्यात, तिचं घट्ट हाय.”

आजारी माणसाला सासू स्वतःच्या हातानं, मायेनं, गाईच्या आचळाखालचा फेसाळ पेला आणून देत होती. रोज. आपल्याकडं याच्यापरती सेवा नाही. उकळलेल्या दुधानं काही होत नाही, चहाच्या दुधानं होत नाही. पण आजारी सुनेला उकळलेलं कसं द्यायचं, ताकद उडून जाईल की.

“घरात आणखी कोण पितं कच्चं?”

“पोरीला वास येतुया, ती चहा पिती. आत्यांना पचत न्हाय. हे प्यायचं आधी, त्यांनी बी सोडलंय. पित्त हुतंय म्हणत्यात.”

मी त्या दोघांना आत बोलावलं आणि म्हटलं, “मला ब्रुसेलाची शंका येते.”

आता माझा इतक्या वर्षांचा अनुभव सांगते. हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस ‘काय?’ म्हणतो. कुणी ‘बुरशी?’ म्हणतं. कुणी दोनदा म्हणायला लावतं. सासूनं रीतसर विचारलं, “काय म्हणाला बाई?” दत्तानं विचारलं नाही. तो खाली आपल्या चपलांकडं बघत राहिला.

“दत्ता, तू हा शब्द आधी ऐकलायस.”

त्यानं रिपोर्टांची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“कुणी सांगितला?”

“जनावरांच्या डॉक्टरनी,” तो म्हणाला. “हरणी दुसऱ्यांदा गाभडली, तवा मागनं आलं हुतं. म्हणलं, रगत तपासू. हात घालू नका, कच्चं दूध पिऊ नका, माणसाला बी हुतंय.”

“आणि तू काय केलंस?”

“न्हाय तपासलं. निघालं असतं तर बोभाटा झाला असता मॅडम. गाय इकायची हुती. बाकीच्या बी गाया हायत. आमच्या गोठ्यात गिऱ्हाईक फिरकलं नसतं.”

मी आयुष्यात पेशंटवर पुष्कळ ओरडलेय. पण त्या दिवशी बाहेरची बाकडी उठून दाराशी आली, असं आमची नर्स नंतर सांगत होती. पाच डॉक्टरांपुढं हा माणूस खुर्ची ओढून बसला. टायफॉईड ऐकला, टीबी ऐकला, बायकोच्या डोक्यात बिघाड आहे हेही मान हलवत ऐकलं. आणि उत्तर याच्या खिशात होतं. मी ज्याला न उलगडणारा आजार म्हणते, तो या घरात एका माणसाला उलगडलेला होता. त्यानं फक्त तोंड उघडलं नाही.

“मला वाटलं, माणसाला कुठं हुतंय. डॉक्टर आपलं म्हणत्यात,” तो म्हणाला.

“मग तू स्वतः दूध का सोडलंस?”

तेवढ्यात त्याची आई खुर्चीवरून उठली. तिला आमचं बोलणं उशिरा कळत गेलं, पण कळलं तेव्हा मुळापासून कळलं.

“मी रोज पेला भरायची,” ती लेकाला म्हणाली. “तू बघत हुतास. तितंच दात घासत उभा असायचास की रं.”

आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली. चाळिशीला आलेला बाप्या माणूस. मी अडवलं नाही. माझ्या दवाखान्यात मारामारी चालत नाही, अशी पाटी मी कधी लावलेली नव्हती.

मनीषा या सगळ्यात नवऱ्याकडं बघतच नव्हती. ती मला म्हणाली, “गाईसाठी डॉक्टर गाडी घिऊन घरी येत हुतं मॅडम. मला हे एसटीतनं धक्के खात न्यायचं.”

रक्त पुण्याला पाठवलं. शंका खरी निघाली. दोन औषधं, दीड महिना, एकही दिवस न चुकता. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून मधे सोडायची नाहीत, हे मी सासूला सांगितलं. सासूनं ते देवाच्या नेमासारखं पाळलं. ताप उतरला. अंथरूण कोरडं राहायला लागलं. माहेरी धाडायचा विषय निघायचा बंद झाला. सासू भावकीत जाऊन सांगून आली की माझ्या सुनेला खरंच आजार होता आणि त्याला इंग्रजी नाव आहे. बाईच्या दुखण्याला नाव मिळालं की मगच ते दुखणं होतं, तोवर नाटक असतं. याचाही मला राग येतो, पण त्या नावानं मनीषाचं घर राहिलं.

एकदा ती एकटी असताना तिनं विचारलं, “माझं पडलं ते बी ह्याच्यामुळंच का?”

मी म्हटलं, असू शकतं. छातीठोक सांगता येत नाही.

दत्ता औषधं न्यायला यायचा. मी त्याला बजावलं होतं की सगळ्या गाईंचं रक्त तपास, हरणीला वेगळी बांध, तिचं दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नको आणि तिला विकू तर अजिबात नको. एक दिवस तो उसळला.

“मग करू काय तिचं? दूध कच्चं द्यायचं न्हाय, इकायची न्हाय, कापायची न्हाय. वैरण तर रोज खाती. दावणीला बांधून हळदीकुंकू वाहू का?”

‘बाधित जनावर वेगळं बांधावं’ असं आमच्या पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ लिहिणाऱ्याला वैरण विकत घ्यावी लागत नाही. सांगणारे सगळे सांगून मोकळे होतात आणि गाय त्याच्या दारात उभी असते. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला माहीत नाही. पण म्हणून ती दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधायची? मी त्याला तेवढंच म्हटलं. त्यानं मान डोलावली. माणसं दवाखान्यात मान डोलावतात तशी.

पुढं एका सकाळी तो मनीषाला जवळजवळ ओढतच घेऊन आला. नंबर न लावता आत.

“मॅडम, तुमी हिला काय शिकवून ठिवलंय?”

“काय झालं?”

“गिऱ्हाईक आलतं गाईला. सगळं ठरलं हुतं.”

आमच्या भागात गाय घ्यायला माणसं आली की बोलणी पुरुष करतात, पण शेवटचा शब्द गोठ्यात होतो. घेणाऱ्यांनी घरची बाई बरोबर आणलेली असते. पुढं रोज धार तिलाच काढायची असते ना. घरधनीण धारेची चरवी तिच्या हातात देते, ती गाईखाली बसते, धार काढून बघते, लाथ मारते का, पान्हा सोडते का, आणि मग बाहेर येऊन मान हलवते. घरधनिणीनं चरवी दिली म्हणजे गाय दिली.

“त्यांची सून गोठ्यात गेली,” दत्ता सांगत होता. “आणि हिनं समदं सांगून टाकलं तिला. गाभडली, वार काढली, ताप आला, रोगाचं नाव, समदं. चारचौघांच्या फुडं. माणसं चहा तसाच ठिवून उठली. आता आख्ख्या पट्ट्यात झालंय, आमच्या गोठ्याकडं कुत्रं फिरकायचं न्हाय. आन आई हाय, ती हिच्याच बाजूनं.”

मी मनीषाकडं वळले. ती खुर्चीत बसली होती. चांगली मागं टेकून.

“तू बोललीस?”

“व्हय.”

“हा समोर असताना?”

“डोळं वटारून बघतच हुतं की.” मग तिनं दत्ताकडं बघितलं आणि मला सांगावं तसं त्यालाच सांगितलं. “मी बोलणार नव्हती. म्हणलं, गप बसावं, घरात पुन्हा भांडण नगं. पण ती पोटुशी हुती. पाचवा-सहावा असंल. तिनं पदर खवला, खाली बसली, आन हात फुडं करून म्हणली, द्या वैनी चरवी. आता मी ती कशी देऊ?”